हिरवा कंदील आणि उबदार स्वागत : पहूरच्या फलाटावरून दिसणारी इंग्रजी

१/
पहूर. जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातले, वाघूर नदीच्या काठचे, अजिंठ्याच्या वाटेवरचे गाव. सरकारी दप्तरात त्याचे दोन भाग नोंदलेले आहेत : पहूर पेठ आणि पहूर कसबे. ‘पेठ’ या शब्दाचे नाते कानडीशी, तर ‘कसबा’ अरबीतून आलेला. १९१८-१९ च्या सुमारास पाचोरा-जामनेर ही अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली आणि याच गावाच्या तोंडी आणखी एक परका शब्द बसला : स्टेशन. मराठीत इंग्रजी किती असावी, या दीडशे वर्षांच्या वादाकडे या लहानशा स्थानकावरून पाहणारा हा थ्रेड.

२/
हा वाद बहुधा शब्दांच्या मोजणीत अडकतो. एका वाक्यात किती इंग्रजी शब्द आले, यावरून कोणी हळहळतो, तर कोणी ‘भाषा प्रवाही असते’ म्हणून हात झटकतो. मोजण्याजोगी गोष्ट मात्र निराळी आहे. इंग्रजी मराठी वाक्यात तीन वाटांनी येते : सुटा शब्द होऊन, भाषांतरित वाक्प्रचार होऊन आणि आख्खे पदच्या पद जसेच्या तसे उचलून. तिन्ही वाटांचा इतिहास वेगळा आणि परिणामही वेगळा.

३/
आधी पहिली वाट. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी धावली. १८६० च्या दशकात लोहमार्ग खानदेशात पोचला आणि भुसावळ पाहता पाहता रेल्वेचे गाव झाले. याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस अडला, तसा विलायतेतल्या गिरण्यांचा डोळा इकडच्या काळ्या मातीकडे वळला. खानदेशचा कापूस आणि रेल्वे यांची गाठ तेव्हापासूनची. पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटरची शाखा त्याच कपाशीच्या मुलखातून गेली.

४/
गाडीबरोबर शब्द उतरले. ज्यांनी ते आधी उचलले त्यांना इंग्रजीचे अक्षरही येत नव्हते. त्यांनी कानाला ऐकू आले ते जिभेला झेपेल तसे घेतले. स्टेशनचे टेसन झाले, सिग्नलचे शिंगल झाले, गार्डाचा गारड झाला, प्लॅटफॉर्मचा फलाट झाला. यांतला फलाट तर इतका मुरला की आज तो शुद्ध मराठी म्हणून वर्तमानपत्रांत छापला जातो. त्याच्या इंग्रजी जन्माची कोणाला आठवणही नाही.

५/
सर्वांत देखणे उदाहरण मालगाडीच्या डब्याचे. वॅगन हा शब्द ऐकला आणि मराठी माणसाला त्यात ओळखीचे जनावर दिसले : वाघीण. ‘मालगाडीच्या चार वाघिणी घसरल्या’ असे वाक्य मराठी वाचकाला कधी दचकवत नाही. हा शब्द कोणत्याही समितीने ठरवला नाही. माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांनी, गाडीवर पोट असणाऱ्यांनी तो घडवला आणि मग कोशकारांनी तो मुकाट्याने नोंदवला.

६/
कपाशीच्या धंद्यातही तेच. सरकी वेगळी काढणारे यंत्र म्हणजे जीन. हा इंग्रजी शब्द मुळात ‘एंजिन’ याचाच तुकडा. खानदेशात ‘जीन’ म्हणजे केवळ यंत्र उरले नाही. ती जागा झाली, पत्ता झाला, हंगामातल्या मजुरीचे नाव झाले. ‘कापूस जिनात गेला’ या वाक्यात शब्द इंग्रजी आहे, पण त्याला लागलेला प्रत्यय, त्याचे सामान्यरूप आणि त्यामागचे जगणे सगळे इथले.

७/
पलटणीतून रंगरूट आला, साहेबाच्या दारातून अर्दली आला. पहिला रिक्रूट, दुसरा ऑर्डर्ली. न्यायालयाचा इंग्रजी शब्द तर थेट म्हणीत जाऊन बसला : शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. या म्हणीतला ‘कोर्ट’ काढून तिथे ‘न्यायालय’ घातले, तर म्हणीचा जीव जातो. दिवाणी दाव्यांत जमिनी गमावलेल्या पिढ्यांचा अनुभव त्या इंग्रजी शब्दाभोवती साठला आहे. इंग्रजी शब्द असूनही वाक्य शंभर टक्के मराठी असू शकते, याचा याहून मोठा पुरावा नको.

८/
मराठीला हे नवे नव्हते. फारसी-अरबीचे शब्द शतकानुशतके आले. ते मागे सारण्यासाठी शिवछत्रपतींच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. त्या प्रयत्नाचे मोल मोठे, पण जमीन, कागद, हवा, बाजार हे शब्द राहिलेच. राहिले, कारण ते तोवर कुणब्याच्या घरात पोचले होते. दरबारातला शब्द हुकमाने बदलता येतो, चुलीपाशी पोचलेला बदलता येत नाही.

९/
परका शब्द घरचा झाला, हे कसे ओळखायचे? मराठीत याची कसोटी सोपी आहे. शब्दाला लिंग मिळते, त्याचे सामान्यरूप होते, तो विभक्ती घेतो. टेसनावर, शिंगलापाशी, वाघिणीत, जिनातून. ज्या शब्दाने मराठी व्याकरणाचे जू मानेवर घेतले, तो शब्द मराठीचा. त्याचे मूळ गाव विचारण्याचे कारण उरत नाही.

१०/
आता दुसरी वाट : भाषांतरित वाक्प्रचार. इथे शब्द सगळे मराठी असतात, म्हणून शुद्धतेचा पहारेकरी त्यांना अडवत नाही. यांत उत्तम आहेत आणि टाकाऊही आहेत. उत्तमाचा नमुना पुन्हा फलाटावरच सापडतो : हिरवा कंदील दाखवणे. मंत्रिमंडळ योजनेला हिरवा कंदील दाखवते, घरातले वडीलधारे लग्नाला हिरवा कंदील दाखवतात.

११/
या हिरव्या रंगाचीही एक कथा आहे. विलायतेतल्या सुरुवातीच्या रेल्वेत ‘जा’ म्हणून सांगणारा दिवा पांढरा असे. हिरवा म्हणजे ‘सावध’, तांबडा म्हणजे ‘थांब’. पांढऱ्या दिव्याची इतर दिव्यांशी गल्लत होऊ लागली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे ‘जा’ या अर्थाने हिरवा रंग स्थिरावला. म्हणजे इंग्रजीतही हा वाक्प्रचार फार प्राचीन नव्हे. तो रेल्वेच्या कारभारातून उगवला आणि रेल्वे दोन्हीकडे होती.

१२/
आणि मराठीने नेमके काय केले पाहा. इंग्रजी म्हणते ‘हिरवा प्रकाश’. मराठीने प्रकाश घेतला नाही, कंदील घेतला. रात्रीच्या गाडीला गार्ड हातातला कंदील हलवताना फलाटावरच्या माणसाने जे पाहिले, तेच भाषेत आले. ‘हिरवा’ संस्कृत-प्राकृताच्या वळणाचा, ‘कंदील’ अरबी, प्रसंग इंग्रजी राजवटीतला, वाक्प्रचार मराठी. हे कोरडे भाषांतर नव्हे. एकच वस्तू दोन समाजांनी पाहिली आणि प्रत्येकाने आपल्या जागेवरून तिचे वर्णन केले.

१३/
अशी आणखीही आहेत. मैलाचा दगड असाच आला. अंतर किलोमीटरमध्ये मोजू लागल्याला कित्येक दशके लोटली, तरी कर्तृत्वाच्या वाटेवर मैलाचेच दगड आहेत. सिंहाचा वाटा इसापाच्या गोष्टीतून इंग्रजीमार्गे आला आणि पंचतंत्रावर वाढलेल्या घरात सहज रुळला. विषयावर प्रकाश टाकणे, चर्चेत भाग घेणे, यांच्यावाचून तर आजचे मराठी गद्यच उभे राहणार नाही. भाषांतर म्हणून त्यांना नाकारणे हा करंटेपणा ठरेल.

१४/
मग टाकाऊ कोणते? अलीकडे समारंभाच्या वृत्तांतात वाचायला मिळते : ‘पाहुण्यांचे उबदार स्वागत करण्यात आले.’ जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या उन्हातून आलेल्या पाहुण्याला ऊब नको असते. पाण्याचा तांब्या हवा असतो. म्हणून मराठीत आनंद झाला की डोळे निवतात, जीव गार होतो, काळीज थंड होते. मराठीत ‘मायेची ऊब’ आहे, पण ती कुशीतल्या बाळाची, गोधडीची, पहाटेची. दारात आलेल्या पाहुण्याची नव्हे. थंड बेटावरच्या माणसाचे सुख तापी खोऱ्यात उतरवताना अनुवादकाने अंगावरचा घाम पुसून पाहायला हवा होता.

१५/
दुसरे उदाहरण त्याहून बोलके. ‘प्रत्येक काळ्या ढगाला चंदेरी कडा असते.’ इंग्रजीत ढग म्हणजे संकट आणि कडा म्हणजे दिलासा. पहूरच्या शिवारात कोरडवाहू कपाशी लावलेला शेतकरी जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावून बसतो, तेव्हा काळा ढग हाच दिलासा असतो. संकट असते ते स्वच्छ, निळे, कडा-बिडा काही नसलेले आभाळ. हे वाक्य शाळेत सुविचार म्हणून फळ्यावर लिहिले जाते. मुले ते वहीत उतरवतात. घरी बाप ढगांची वाट पाहत असतो आणि मुलगा ढगात संकट पाहायला शिकतो.

१६/
वाक्प्रचार हा अलंकार नसतो. हवामान, पीक, घर, देणे-घेणे यांतून एखाद्या समाजाला आलेला अनुभव त्यात जपून ठेवलेला असतो. म्हणून एका जागचा वाक्प्रचार दुसरीकडे नेताना शब्द बरोबर असूनही अर्थ उलटा होऊ शकतो. ‘दिवसाच्या शेवटी महत्त्वाचे काय?’ असे विचारले, तर मराठी माणूस संध्याकाळ समजतो. ‘शेवटी काय’ एवढे त्याला पुरते. ‘तू माझा दिवस बनवलास’ याला मराठीत अर्थच नाही; ‘बरं वाटलं रे’ याला आहे.

१७/
ही काळजी आजची नाही. मेजर थॉमस कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात मराठी लिखाणाला इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे लावली. म्हणजे मराठी वाक्यातला स्वल्पविरामदेखील पाहुणाच. तो उपयोगी होता, राहिला. पण त्याच काळातल्या भाषांतरित पुस्तकांतून मराठी वाक्याची ठेवणही इंग्रजी होऊ लागली. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ काढली, तेव्हा पहिलाच विषय घेतला तो मराठी भाषेच्या सांप्रतच्या स्थितीचा. चिपळूणकर इंग्रजीचे शत्रू नव्हते. जॉन्सन, मेकॉले हे त्यांचे आवडते. इंग्रजी नीट आल्यामुळेच मराठीतली इंग्रजी छाया त्यांना चटकन दिसत होती.

१८/
पुढे शुद्धीचे प्रयत्न झाले. सावरकरांनी दिलेले दिनांक, महापौर यांसारखे शब्द आज कोणालाही नवखे वाटत नाहीत. फारसी-मराठी कोश रचणाऱ्या माधव जूलियनांनीच १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. राज्य स्थापन झाल्यावर सरकारी अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांसाठी पदनाम कोश आला आणि आचार्य अत्र्यांनी त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून थट्टा केली. थट्टा गाजली, पण त्या कोशातली कितीतरी पदनामे आज तालुक्याच्या कचेरीबाहेरच्या पाट्यांवर आहेत. दोन्ही बाजूंना इतिहासाने थोडे थोडे खरे ठरवले.

१९/
तरीही या सगळ्या पहाऱ्यात एक उणीव राहिली. पहारा बसला तो नामांवर. स्टेशनला स्थानक म्हणावे, टेलिफोनला दूरध्वनी म्हणावे, यावर शाई खर्ची पडली. भाषेचे घर मात्र नामांच्या भिंतींवर जितके उभे असते, त्याहून अधिक जोडांवर उभे असते : पण, म्हणून, निदान, खरे तर, अर्थात, म्हणजे, तरी. त्या जोडांकडे कोणाचेच लक्ष नव्हते. तिसरी वाट तिथूनच उघडली.

२०/
आजचे साधे बोलणे ऐकावे : ‘ॲक्च्युअली मला यायचं होतं, बट उशीर झाला, सो मी म्हटलं ॲटलीस्ट फोन तरी करू.’ या वाक्यात एकही नवी वस्तू नाही, नवी कल्पना नाही. यायचे होते, उशीर झाला, फोन केला. फोन हे एकच नाम इंग्रजी आणि ते केव्हाच घरचे झालेले. परके आहेत ते सगळे सांधे. त्यातही ‘ॲटलीस्ट’ म्हटल्यावर ‘तरी’ आलेच आहे, कारण मराठी वाक्याला ते लागतेच. इंग्रजी जोड वर चिकटवला आहे, भार अजून मराठी जोडच उचलतो आहे.

२१/
गरजेपोटी घेतलेला शब्द आणि ऐटीपोटी घेतलेला शब्द यांत हा फरक आहे. वाघीण आली, कारण तशी वस्तू इथे नव्हती. ‘बट’ आला, तेव्हा ‘पण’ घरातच होता. ‘बट’ला विभक्ती लागत नाही, लिंग मिळत नाही, मराठी व्याकरणाचे जू तो मानेवर घेत नाही. तो वाक्यात काम करायला आलेला नसतो. बोलणाऱ्याची पायरी दाखवायला आलेला असतो.

२२/
यावर एक आक्षेप रास्त आहे. भाषा मिसळतात, दोन भाषा येणारा माणूस दोन्हींत ये-जा करतो, त्यात पाप काय? पाप काहीच नाही. ज्याला दोन्ही भाषा पुरत्या येतात, त्याची ये-जा पाहण्यासारखी असते. प्रश्न त्याचा नाही. ज्याला इंग्रजी पुरती मिळाली नाही आणि मराठी अपुरी वाटायला शिकवले गेले, त्याचा आहे. तो दोन घरांत राहत नाही. तो दोन घरांच्या मधल्या बोळात उभा असतो.

२३/
पहूरसारख्या गावात हा बोळ रोज दिसतो. मुलाच्या घरी खानदेशी वळणाची बोली. जामनेर-भुसावळकडे तावडी, पलीकडे अहिराणी. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात, १९०७ च्या खंडात, खानदेशी बोली मराठीपासून वेगळी काढून भिल्ली भाषांच्या शेजारी मांडली गेली. शाळेत प्रमाण मराठी. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजीही. तीन भाषांची ही शिदोरी मोठी श्रीमंती ठरू शकते. पण वर्गात तिची उतरंड होते : इंग्रजी वर, प्रमाण मराठी मध्ये, घरची बोली तळाला.

२४/
म्हणून ‘टेसन’ म्हणणाऱ्या मुलावर वर्ग हसतो आणि ‘उबदार स्वागत’ लिहिणाऱ्याला निबंधात गुण मिळतात. इतिहासाचा न्याय नेमका याच्या उलट आहे. टेसन म्हणणाऱ्याच्या पणजोबांनी एक परकी वस्तू पाहिली, तिचे नाव आपल्या तोंडात घोळवले, तिला प्रत्यय लावला आणि मराठीत एका शब्दाची भर घातली. उबदार स्वागत करणाऱ्याने काहीच पाहिले नाही; फक्त उतरवून घेतले. पहिल्याने इंग्रजी पचवली, दुसऱ्याला इंग्रजीने पचवले.

२५/
ज्या बोलीवर वर्ग हसतो, तिचे सामर्थ्य या जिल्ह्यानेच एकदा महाराष्ट्राला दाखवले आहे. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापली गेली, तेव्हा शिकलेल्या महाराष्ट्राने तोंडात बोट घातले. शेत, जाते, पाखरू यांखेरीज त्यांच्याजवळ दुसरे भांडवल नव्हते. जे डोळ्यांनी पाहिले त्यालाच त्यांनी शब्द दिला. टेसन, वाघीण घडवणाऱ्यांची रीतही हीच होती.

२६/
मग करावे काय? इंग्रजी कमी शिकवावी, असे याचे उत्तर मुळीच नाही. ती अधिक नीट शिकवावी. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर महाराष्ट्राच्या कैक पिढ्या इंग्रजी शिकल्या. भाषांतराच्या त्या रीतीत एक गोष्ट आपोआप घडे : प्रत्येक वाक्यापाशी दोन भाषा समोरासमोर उभ्या राहत आणि त्या कुठे जुळत नाहीत, ते विद्यार्थ्याला दिसे. आजच्या वर्गात एकच प्रश्न वाढवला तरी पुरे : ‘हे तिकडे असे म्हणतात. का म्हणत असतील? आणि तुझ्या घरी आजी काय म्हणते?’

२७/
चंदेरी कडेचा धडा असा घेतला, तर मुलाला इंग्रजी वाक्प्रचार पक्का कळेल, कारण त्याला विलायतेतले सदा भरून आलेले आभाळ कळेल. शिवाय त्याचे स्वतःचे आभाळही त्याला भाषेत सापडेल. ढगाकडे पाहण्याची दोन माणसांची दोन रीत असते आणि दोन्ही खऱ्या असतात, एवढे ज्याला समजले, त्याला कोणतीच भाषा वरची किंवा खालची वाटत नाही.

२८/
पाचोरा-जामनेर गाडी, लोकांच्या तोंडची ‘पीजे’, २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली. तिच्या जागी आता रुंद मापाचा मार्ग व्हायचा आहे. नवी गाडी येईल तेव्हा नव्या वस्तू येतील आणि त्यांच्याबरोबर नवे इंग्रजी शब्दही येतील. त्यांना अडवण्याचे कारण नाही. पहूरच्या फलाटावरचे कोणी तरी त्यांतला एखादा शब्द चुकीचा उच्चारील, वाकवील, त्याला ओळखीच्या जनावराचे नाव देईल. तेव्हा त्याला हसू नये. शंभर वर्षांनी कोशात कदाचित तोच शब्द असेल.